पालकसभेची चिठ्ठी कोण वाचतं?

गोव्यात वास्को, झुआरीनगर, चिंबल, म्हापसा या भागांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत एकेका बाकावर तीन-तीन भाषा बसलेल्या असतात. कोणाच्या घरी कोंकणी, कोणी विजापूर-बागलकोटकडचं, कोणी उत्तर प्रदेश-झारखंडातून आलेलं. पालकसभेची चिठ्ठी मात्र शुद्ध छापील मराठीत निघते. सभेला कोणी फिरकलं नाही की स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "या पालकांना मुलांचं काही पडलेलंच नाही." पडलेलं असतं. पण चिठ्ठी वाचणारं घरात कोणी नसतं, आणि सभेच्या वेळी बाप स्लॅबवर, तर आई कोणाकडे तरी भांडी घासत असते.

सुरुवात प्रवेशाच्या दिवशी करावी. अर्जात 'मातृभाषा' या रकान्यात सवयीने 'मराठी' भरली जाते, कारण शाळा मराठी. किंवा पालक कर्नाटकातले म्हणून 'कन्नड' लिहून मोकळे होतात. ते पोर घरी लमाणी (बंजारा समाजाची बोली) बोलत असेल, दखनी उर्दू बोलत असेल, तर ती नोंद वर्षभर चुकवत राहते. राज्य विचारू नका. चार गोष्टी विचारा: आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, घरात कोणाला कोणती लिपी वाचता येते, दिवसा फोन कोणाजवळ असतो, आणि सुटीत गावी कधी जाता, परत कधी येता. वहीचं एक पान पुरतं, पण पुढची सगळी कामं त्या पानावर चालतात.

कन्नड बोलणाऱ्या घरासाठी चिठ्ठी कन्नडमध्ये काढली की काम झालं, असंही नाही. आई शाळेत गेलेलीच नसेल तर लिपी कोणतीही असो, तिला ती सारखीच. व्हॉट्सॲपवर तिच्या भाषेतला आवाजी निरोप द्यावा, अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. एका निरोपात एकच काम: वार, वेळ, काय आणायचं. दोन कामं सांगितली की दुसरं विसरलं जातं. फोन बहुतेक बापाकडे आणि तो साइटवर, म्हणून निरोप रात्री आठनंतर पाठवावा, म्हणजे दोघं मिळून ऐकतात. रिचार्ज संपतो, सिम बदलतं. जूनमधला नंबर दिवाळीत लागेलच असं नाही. दर तीन महिन्यांनी नंबर तपासावेत.

दुभाषी म्हणून मुलालाच उभं करणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. "तो वर्गात मारामारी करतो" या वाक्याचं घरच्या भाषेत "बाई म्हणतात मी हुशार आहे" कसं होतं, ते ऐकण्यासारखं असतं. चौथीतली मोठी बहीण पाच घरांची दुभाषी होऊन बसते, तेही वाईटच. त्या वस्तीतली अंगणवाडी मदतनीस, बचतगटातली बाई किंवा जुना पालक शोधावा. मुकादम किंवा खोलीमालकाला मात्र कधीही बोलावू नये. तो सगळ्या भाषा बोलतो, चटकन येतो, मदतही करतो. पण ज्याच्या हाती मजुरी किंवा डोक्यावरचं छप्पर आहे त्याच्यासमोर आई खरं काही बोलणार नाही.

आता सभेची वेळ. कामाच्या दिवशी सकाळी अकरा म्हणजे पालकाची अर्धी हजेरी बुडाली. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, शिवाय दुपारी नमाज. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस, म्हणजे प्रार्थना. हॉटेलात काम करणाऱ्यांना पर्यटनाच्या हंगामात रविवारही मोकळा नसतो. म्हणून बहुतेक वस्त्यांत रविवारी संध्याकाळी साडेचार-पाच चालतं, पण अंदाज न बांधता विचारूनच ठरवावं. ट्रॉलरवर जाणारा बाप 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीतच किनाऱ्यावर असतो. तो गावी गेला नसेल तर जूनमधली भेट हीच त्याची एकुलती एक भेट, ती प्रास्ताविकात घालवू नये. चाळीस मिनिटं पुरतात. बसणं गोलात, सतरंजीवर. बाकावर दाटीवाटीने बसवलेली मोठी माणसं पुन्हा विद्यार्थी होतात आणि गप्प राहतात.

खरं बोलणं होतं ते शाळा सुटताना, फाटकावर. न्यायला आलेल्या आईशी रोज दोघी-तिघी असा हिशेब धरला तर तीस मुलांच्या घरांशी पंधरवड्यात एक फेरी होते. पहिल्या फेरीत तक्रार अजिबात करू नये. शाळेने हाक मारली म्हणजे पोराने काहीतरी केलं, ही समजूत मोडायला तेवढा वेळ लागतोच.

बोलायचं काय? "घरी मराठी बोला" हे सांगू नका. मोडक्या मराठीत गोष्ट सांगणाऱ्या आईपेक्षा लमाणीत रंगवून सांगणारी आई मुलाला जास्त भाषा देते. उलट, मुलाच्या चुका कुठून येतात ते शिक्षकांनी घराकडून समजून घ्यावं. "म्हाका उदक जाय" म्हणणारं कोंकणी मूल पाणी मागतंय, कुठे जात नाहीये. कन्नड घरातलं मूल 'तो पुस्तक' म्हणतं, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष असा भेद नाही. हिंदी घरातलं मूल 'बाळ'चं 'बाल' करतं. 'ळ' त्याच्या कानाला नवा. हे पालकांपुढे उलगडून सांगितलं की "आमचं पोर ढ आहे" असं म्हणणं ते सोडतात. भिंतीवर पाणी, उदक, नीरु असे घराघरांतले शब्द लावावेत, उच्चार पालकांकडूनच घ्यावा. गवंडी बापाला टेप घेऊन वर्गाची लांबी मोजून दाखवायला सांगा, फूट-इंचाचा धडा तिथेच होतो.

वेशभूषेचा 'विविधतेत एकता' कार्यक्रम मला विशेष पटत नाही. भाड्याचा पोशाख आणायला पैसे जातात, आणि विजापूरच्या पोराला यक्षगानाचा मुकुट चढवला जातो, जो त्याच्या घरी कोणी पाहिलेलाही नसतो. त्यापेक्षा उगादी, ईद, चवथ (गणेशचतुर्थी), छठ, नाताळ यांची तारीखवही फळ्याशेजारी लावा आणि त्या दिवशी चाचणी ठेवू नका.

माध्यान्ह आहारात पालकांना सहज काम देता येतं. गोव्यात बचतगटांकडून भाजी-पाव येतो. प्राथमिकचा दरडोई निकष 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. आठवड्याला दोन आयांची पाळी लावावी: वाटपाआधी चव, वास, पाव शिळा आहे का ते पाहायचं. लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं शिक्षकाने नोंदवहीत लिहायचं, स्वतःचे शब्द न घालता.

कायदा पालकांच्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, दुर्बल व वंचित गटांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि सहा बायका. प्रत्यक्षात हात वर करून निवड होते आणि मराठी बोलणारेच निवडले जातात. बाकीच्यांच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जातात. आधी भाषेप्रमाणे छोटे गट बसवून प्रत्येकाने आपलं नाव सुचवावं, आणि इतिवृत्त सहीपूर्वी मोठ्याने वाचावं, दोन भाषांत.

कागदांवरूनही पालक बिचकतात. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम 14), आधीच्या शाळेचा, शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाही (कलम 5). कुटुंब गाव सोडून निघालं तर हा शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी हातात द्यावा. ट्रेनचं तिकीट रात्रीचं असतं, आणि "उद्या या" म्हटलं की ते पोर पुढच्या शाळेत दाखल्याविनाच पोचतं.