डब्लिनहून: ओएसपीएफची एक ओळ नक्की काय पकडते

सांगलीत वालचंदला असा नाहीतर कराडला गव्हर्नमेंट कॉलेजला, सीसीएनएची (सिस्कोची नेटवर्किंग परीक्षा) तयारी करताना पॅकेट ट्रेसरवर (सरावाचं सॉफ्टवेअर) ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत, चालवलेलं असतंच. तीन राउटर, प्रत्येकावर दोन-तीन ‘नेटवर्क’ ओळी, पिंग गेलं की विषय संपला. परदेशात कामाला लागल्यावर हेच चालत्या नेटवर्कवर करायचं असतं, आणि तिथे एक गैरसमज फार महागात पडतो: ‘नेटवर्क’ ओळीत जे लिहिलं, ते शेजारच्या राउटरला कळवलं जातं, हा.

तसं होत नाही. ओएसपीएफमध्ये ही ओळ म्हणजे इंटरफेस (राउटरचं एकेक जोडणीचं तोंड) निवडायची चाळणी. राउटर आपल्या एकेका इंटरफेसचा आयपी त्या ओळीशी ताडून बघतो. जुळला तर त्या इंटरफेसवर ओएसपीएफ सुरू होतं: २२४.०.०.५ या पत्त्यावर हॅलो (शेजारी राउटर शोधायचे छोटे संदेश) जायला लागतात आणि त्या इंटरफेसचा सबनेट (त्याच्या पत्त्यांचा पट्टा) पुढे कळवला जातो, तोही इंटरफेसवर असलेल्या मास्कनेच. ओळीतला वाइल्डकार्ड मास्क (पत्त्यामागे लिहिलेला उलटा मास्क) जुळवणीपुरता. लॅबमध्ये आपण ओळ आणि सबनेट तंतोतंत सारखे लिहितो, म्हणून हा फरक कधी दिसतच नाही.

समजा एका दूध संघाचं मुख्य ऑफिस सांगलीत आहे. राउटरच्या ०/० या इंटरफेसवर ऑफिसचं लॅन, १०.२०.१०.६५/२६. ०/१ वर मिरजेची लाइन, १०.२०.०.१/३०. ०/२ वर विट्याची, १०.२०.०.५/३०. आणि ०/३ वर इंटरनेटवाल्याने दिलेली लाइन, १०.९०.४.२/३०. घाईत कोणी लिहितं:

राउटर ओएसपीएफ १
नेटवर्क १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५ एरिया ०

मिरज चालू, विटा चालू, सगळे खूश. पण ०/३ चा पत्ताही १० ने सुरू होतो, त्यामुळे तोही चाळणीत अडकला. आता इंटरनेटवाल्याच्या दिशेनेही हॅलो चालले आहेत. पलीकडे कोणी ओएसपीएफ चालू ठेवलं असेल आणि एरिया, टायमर, मास्क जुळले, तर शेजारपण जमेल आणि दूध संघाचे सगळे रूट परक्याच्या टेबलात जातील. त्याचे आपल्याकडे येतील ते वेगळेच.

त्याऐवजी हे लिहा:

नेटवर्क १०.२०.०.० ०.०.०.७ एरिया ०
नेटवर्क १०.२०.१०.६४ ०.०.०.६३ एरिया ०

पहिल्या ओळीत ० ते ७ पत्ते येतात, म्हणजे मिरज आणि विटा दोन्ही /३० एकदम. दुसरीत ६४ ते १२७, म्हणजे फक्त लॅन. ०/३ बाहेर राहिला. एकच इंटरफेस पकडायचा असेल तर त्याचा नेमका आयपी आणि ०.०.०.०.

वाइल्डकार्ड काढायला २५५.२५५.२५५.२५५ मधून सबनेट मास्क वजा करायचा. /२६ चा मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणून ०.०.०.६३. शून्य बिट म्हणजे जुळलंच पाहिजे, एक बिट म्हणजे काहीही चालेल. त्यामुळे सलग पट्टा पकडताना प्रत्येक घरात ०, १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७ किंवा २५५ एवढेच आकडे येतात. ‘मला दहा पत्ते हवेत’ म्हणून ०.०.०.१० लिहून दहा पत्ते मिळत नाहीत. १०.२०.८.० ते १०.२०.१२.२५५ हे पाच सबनेटही एका ओळीत नेमके बसत नाहीत: ०.०.३.२५५ मध्ये ८ ते ११ येतात, १२ साठी वेगळी ओळ. ०.०.७.२५५ केलं तर १५ पर्यंत सगळं आत येतं.

वाइल्डकार्डच्या जागी सवयीने सबनेट मास्क टाइप होतो. आयओएसच्या (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) काही आवृत्त्या ओएसपीएफमध्ये तो स्वतः उलटून घेतात. त्यावर विसंबू नका, कारण अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं याची यादी) ही मेहेरबानी नाही. तिथे १०.१.१.० २५५.२५५.२५५.० लिहिलं तर शेवटच्या घरात शून्य असलेला कुठलाही पत्ता, असा त्याचा अर्थ होतो.

इथे डब्लिनमध्ये चालत्या नेटवर्कला दिवसा कोणी हात लावत नाही. बदलाच्या अर्जात प्रत्येक कमांड, ती मागे घ्यायची कमांड, आधी-नंतरच्या तपासण्या लिहायच्या, दुसऱ्याने वाचून मंजूर करायच्या, मग रात्रीची वेळ मिळते. डब्लिनमध्ये रात्रीचा १ म्हणजे साताऱ्यात उन्हाळ्यात पहाटेचे ५:३०, हिवाळ्यात ६:३०. सकाळी घरच्यांचा फोन उचलला नाही तर बहुधा हेच चाललेलं असतं.

अशा वेळी सगळ्यात घातक कमांड ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’. कल्पना उत्तम आहे: सगळ्या इंटरफेसवर हॅलो बंद, सबनेट मात्र कळवले जातात, मग मिरज-विट्यापुरतं ‘नो पॅसिव्ह-इंटरफेस’ करायचं. पण तुम्ही त्याच ओएसपीएफच्या रस्त्याने विट्याच्या राउटरवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) शिरला असाल, तर पहिली ओळ एंटर करताच शेजारपण तुटतं, रस्ता जातो आणि दुसरी ओळ राउटरपर्यंत पोहोचतच नाही. मग विट्याला माणूस पाठवा. म्हणून आधी ‘रिलोड इन १०’ द्यायचं, आणि दोन्ही ओळी एका फाइलमध्ये राउटरच्या फ्लॅशवर ठेवून ती रनिंग-कॉन्फिगमध्ये (सध्या चालू असलेल्या सेटिंगमध्ये) कॉपी करायची. राउटर दोन्ही स्वतःच वाचतो. काही बिनसलं तर दहा मिनिटांत तो जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगसह उठतो. सगळं ठीक असेल तरच ‘रिलोड कॅन्सल’, आणि त्यानंतरच सेव्ह.

तपासताना आधी ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’ बघा, ‘नेबर’ नंतर. नको तो इंटरफेस आत आलाय का, हे शेजाऱ्यांच्या यादीत दिसत नाही. इंटरफेस यादीत आहे पण शेजारी एक्सस्टार्टला (शेजारपण पुरतं जमायच्या आधीचा टप्पा) अडकलाय, तर ‘नेटवर्क’ ओळ सोडा आणि दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा.

ईआयजीआरपीतही (सिस्कोची रस्ते कळवायची दुसरी पद्धत) ओळ इंटरफेसच निवडते, पण वाइल्डकार्ड ऐच्छिक आहे. तो गाळला की क्लासफुल (जुन्या ए, बी, सी वर्गांप्रमाणे ठरलेला) पट्टा धरला जातो, म्हणजे १०.२०.०.० लिहूनही अख्खं १०.०.०.० आत. बीजीपीत (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कमध्ये रस्ते कळवायची पद्धत) मात्र तीच कमांड खरोखर रूट जाहीर करते: तिथे साधा मास्क लागतो आणि तोच रूट, त्याच मास्कने, राउटिंग टेबलात आधीपासून असावा लागतो. नेक्ससवर (सिस्कोचे डेटा सेंटरचे स्विच) ओएसपीएफसाठी ही ओळच नाही, इंटरफेसमध्ये शिरून एरिया द्यायचा. आयओएसवरही इंटरफेसखाली ‘आयपी ओएसपीएफ १ एरिया ०’ चालतं आणि ‘नेटवर्क’ ओळीपेक्षा त्याचा मान वरचा. नवीन राउटरवर आम्ही तेच पसंत करतो. जुन्या राउटरवर मात्र आधीच्या माणसाने लिहिलेल्या ‘नेटवर्क’ ओळी तुम्हालाच वाचाव्या लागतील.