बांदा की म्हापसा : सीमेच्या दोन्ही बाजूंचा हिशोब

गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या तुये औद्योगिक वसाहतीत ज्याची नोकरी आहे, त्याला राहण्यासाठी दोन राज्ये मोकळी असतात. म्हापशाला बिऱ्हाड केले तर तो गोव्याचा रहिवासी होतो. बांद्याला किंवा सावंतवाडीला केले तर महाराष्ट्रातच राहतो, आणि रोजची ये-जा दोन्हीकडून होऊ शकते. सिंधुदुर्गातली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे ती करत आली आहेत. माझ्या पतींना तुयेतल्या एका औषध कंपनीत काम मिळाल्यामुळे डोंबिवली सोडायचे आमचे ठरले, परंतु सीमेच्या अलीकडे थांबायचे की पलीकडे जायचे, हे ठरवण्यासाठी बराच विचार करावा लागला. घरात मधुमेहाने त्रस्त असलेल्या सासूबाई आहेत आणि आठवीत शिकणारी मुलगी आहे, त्यामुळे केवळ भाड्याचे आकडे मांडून निर्णय होण्यासारखा नव्हता.

दोन प्रदेशांची तुलना करणारे जे तक्ते सर्वत्र पाहायला मिळतात, ते तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाचा खर्च सांगतात. स्थलांतर करणारा माणूस मात्र पहिल्या दिवशी तिथला नसतो. नव्या राज्यातल्या सवलती, आरोग्य योजना, शिक्षणातल्या राखीव जागा आणि सरकारी नोकऱ्या यांसाठी वास्तव्याची वर्षे मोजली जातात, आणि ती भरेपर्यंत आपण कर आणि भाडे पूर्ण भरतो, हक्क मात्र अर्धेच मिळतात. म्हणून माझ्या मते तुलना करताना पहिला प्रश्न दरांचा नसून मुदतीचा असावा : आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाला ज्या गोष्टीची गरज आहे, ती नव्या ठिकाणी कितव्या वर्षी मिळेल?

दरांपुरते बोलायचे तर गोवा काही बाबतींत उघडच स्वस्त आहे. तिथला मूल्यवर्धित कर कमी असल्यामुळे पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे सात-आठ रुपयांनी स्वस्त पडते, आणि सीमेलगतचे लोक पलीकडच्या पंपांवर टाकी भरून घेतात. घरगुती विजेचा दर महावितरणच्या दरापेक्षा बराच कमी आहे. गोव्यात वीज थेट सरकारच्या विद्युत खात्याकडून येते. भाड्याच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. म्हापसा, पर्वरी आणि किनाऱ्यालगतची गावे येथे घरमालकाला पर्यटकांचा पर्याय सदैव उपलब्ध असतो, आणि ऑक्टोबर ते मे या हंगामात मिळणाऱ्या पैशांशी नोकरदार कुटुंबाचे अकरा महिन्यांचे भाडे स्पर्धा करू शकत नाही. सिंधुदुर्गाची स्थिती याच्या नेमकी विरुद्ध आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली आणि ८ लाख ५० हजारांच्या आत आली. मुंबईला गेलेल्यांची बंद घरे गावोगाव आहेत आणि ती भाड्याने मिळतात, मात्र गणपतीत आणि मे महिन्यात मालक मंडळी येणार असतील तर काय करायचे, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे लागते. वीज आणि पेट्रोल यांत गोव्यात वाचणारी रक्कम भाड्याच्या फरकात सहज खर्च होते, एवढा निष्कर्ष आमच्यापुरता पुरेसा होता.

घर विकत घ्यायचे असेल तर सूक्ष्म फरक पुढे येतात. महाराष्ट्रात दस्तनोंदणीचे शुल्क मूल्याच्या १ टक्का असते, पण त्याला ३० हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. गोव्यात मुद्रांक शुल्काचे टप्पे सौम्य वाटतात, परंतु नोंदणी शुल्क सुमारे ३ टक्क्यांपासून सुरू होते आणि त्याला अशी मर्यादा नाही. साठ लाखांच्या घरावर एकीकडे ३० हजार आणि दुसरीकडे जवळजवळ १ लाख ८० हजार असा हा फरक आहे. त्याशिवाय १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात आजही लागू आहे. विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते, आणि म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराच्या संमतीशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. स्त्रीच्या दृष्टीने ही तरतूद मला मनापासून आवडते. खरेदीदाराने मात्र एक-चौदाच्या (आपल्या सातबाऱ्यासारख्या) उताऱ्यावर नाव पाहून समाधान मानू नये. वारसांमधील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया झाली आहे का आणि घरात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत राहणारा आणि कायद्याने संरक्षण असलेला रहिवासी, आहे का, हेही तपासावे. सिंधुदुर्गातली अडचण निराळी आहे. इथल्या सामायिक सातबाऱ्यावर कित्येकदा डझनावारी नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत आणि काही हयात नसतात. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत तर कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाने सामायिकपणे कसलेल्या, जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शेतजमीन घेण्यासाठी महाराष्ट्रात स्वतः शेतकरी असावे लागते, आणि २०२३ पासून गोव्यानेही शेतजमिनीच्या हस्तांतरावर तशाच स्वरूपाचे निर्बंध आणले आहेत.

शिक्षणाचा मुद्दा मी सविस्तर मांडते, कारण याच मुद्द्यावर आमचा निर्णय फिरला आणि अनेक पालकांच्या तो फार उशिरा लक्षात येतो. आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. ती इच्छा पुढे टिकेल किंवा बदलेल, पण तेरा वर्षांच्या मुलीचा मार्ग आईवडिलांनी केवळ पत्ता बदलून बंद करावा, हे मला मान्य नाही. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की विद्यार्थ्याने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण केलेल्या असाव्यात आणि त्याच्याकडे अधिवास प्रमाणपत्र असावे. गोव्याच्या जागांसाठी साधारणपणे सलग दहा वर्षांचे वास्तव्य लागते. आठवीत म्हापशाला गेलेली मुलगी बारावीपर्यंत गोव्यात जेमतेम पाच वर्षे पूर्ण करील. म्हणजे तिने दहावी-बारावी गोव्यातून केल्यामुळे महाराष्ट्राचा दरवाजा बंद होईल, आणि वास्तव्य अपुरे असल्यामुळे गोव्याचाही उघडणार नाही. तिला केवळ अखिल भारतीय कोटा आणि खासगी संस्थांच्या महागड्या जागा उरतील. अभियांत्रिकीचे नियम त्यामानाने सैल आहेत, कारण आईवडिलांच्या अधिवासाचा तिथे उपयोग होतो. परंतु वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत सरकारी आणि खासगी शुल्कातला फरक इतका मोठा आहे की महिन्याला वाचलेले वीज-पेट्रोलचे पैसे आयुष्यभर साठवले तरी तो भरून निघणार नाही. मूल पहिली-दुसरीत असते तर हाच हिशोब गोव्याच्या बाजूने झुकला असता. म्हणून कोणते राज्य चांगले, या प्रश्नाला मुलाची इयत्ता विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. बांद्याला किंवा सावंतवाडीला राहिल्यास मंडळ तेच राहते, फक्त विभाग कोकण होतो, आणि कोकण विभागाचा दहावी-बारावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात अव्वल असतो.

आरोग्याच्या बाबतीत गोव्याचे पारडे निःसंशय जड आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा सिंधुदुर्गाचाही शेवटचा आधार आहे. अपघात, हृदयविकार, मेंदूतला रक्तस्राव अशा प्रसंगी सावंतवाडी आणि दोडामार्गातले रुग्ण तिकडेच नेले जातात. २०१८ च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क आकारायला प्रारंभ झाला, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन उभे राहिले होते, यावरून हे अवलंबित्व किती खोल आहे ते कळते. त्यानंतर ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तथापि बांबोळीची जागा घेण्यास त्याला वेळ लागेल. इथेही वर्षांचा हिशोब चुकत नाही. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर लागू होते, आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक निवृत्तिवेतन किंवा गृह आधार योजनेची मदत मिळण्यासाठी पंधरा वर्षे लागतात. सासूबाईंचे वय पाहता पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या मदतीचा विचार करण्यात अर्थ नव्हता. महाराष्ट्रातली महात्मा फुले जन आरोग्य योजना त्यांना आजच उपलब्ध आहे. त्यामुळे आमच्यासाठी प्रश्न एवढाच उरला की आणीबाणीत बांबोळीपर्यंत किती वेळ लागेल. म्हापशाहून तो अर्थातच कमी आहे, आणि या एका बाबतीत सावंतवाडी निवडताना आम्ही धोका पत्करत आहोत याची मला जाणीव आहे.

राजकारणाकडे मी पक्षांच्या नजरेने पाहिले नाही. आमदारांनी पक्ष बदलण्याच्या बाबतीत दोन्ही राज्यांनी मतदाराला सारखेच दुखावले आहे : गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि २०२२ मध्ये आठ आमदार भाजपमध्ये गेले, आणि महाराष्ट्रात २०२२ व २०२३ साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. राहायला जाणाऱ्या माणसासाठी मला महत्त्वाचे वाटते ते प्रतिनिधीपर्यंतचे अंतर. २०२२ च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार असलेल्या गोव्यात विधानसभेच्या ४० जागा आहेत, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांहूनही कमी मतदार येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे तीनच मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात दोन लाखांच्या वर मतदार आहेत. गोव्यातला मतदार आमदाराला नावाने ओळखतो, गटार तुंबले तर थेट फोन करतो, आणि शे-दोनशे मतांनी निकाल फिरू शकत असल्यामुळे तो फोन उचललाही जातो. मात्र एवढ्या लहान मतदारसंघात नव्याने आलेल्याचे वेगळेपणही झाकले जात नाही. जमिनींचे भाव आणि गावांचे बदलते रूप यांमुळे ‘भायल्यां’विषयी, म्हणजे बाहेरून आलेल्यांविषयी, जो राग गोव्यात आहे, तो मला अन्यायाचा वाटत नाही, नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ या कलमांद्वारे एकेका भूखंडापुरता क्षेत्रबदल होऊ लागल्यावर डोळ्यांदेखत डोंगर कापले जात असतील, तर गावकऱ्यांनी ग्रामसभेत आवाज उठवायलाच हवा. सिंधुदुर्गातही अशी चिंता आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला सावंतवाडी तालुक्यातल्या गावांनी विरोध केला आहे, आणि कळणे येथे २०२१ च्या पावसाळ्यात खाणीचा बांध फुटून घराशेतांत चिखल शिरला, ते कोणी विसरलेले नाही. जिथे घर पाहायचे, तिथल्या आजूबाजूच्या डोंगरावर कोणता प्रकल्प प्रस्तावित आहे हे विचारणे, मला आमदाराच्या पक्षापेक्षा अधिक गरजेचे वाटते.

सुरक्षिततेच्या बाबतीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वाचताना सावध राहावे लागते, कारण ते नोंदवलेल्या गुन्ह्यांचे आकडे असतात आणि जिथे पोलीस तक्रार सहज नोंदवून घेतात तिथे ते स्वाभाविकपणे वाढलेले दिसतात. शिवाय संपूर्ण गोव्याची सरासरी कळंगुटच्या किनारपट्टीला आणि डिचोलीतल्या शांत वाड्याला एकाच मापात मोजते. दोन्हीकडे एकट्या बाईला संध्याकाळी बाजारात जाताना डोंबिवलीच्या गर्दीपेक्षा अधिक निर्धास्त वाटेल असा माझा विश्वास आहे. खरा धोका रस्त्यावर आणि पावसात आहे. जेमतेम पंधरा-सोळा लाख लोकसंख्येच्या गोव्यात बहुतेक वर्षी अडीचशेहून अधिक माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण मोठे असते. बांद्याची बाजारपेठ तेरेखोल नदीच्या पुरात जाते, म्हणून तिथे तळमजल्यावरचे घर आम्ही पाहिलेच नाही. दोडामार्गात भाडे सर्वांत कमी असले तरी तिलारीच्या खोऱ्यात २००२ पासून हत्तींचा वावर आहे. बागायत करणाऱ्यांचे त्यात होणारे नुकसान जीवघेणे आहे, आणि पहाटे कामावर निघणाऱ्या माणसाने त्या रस्त्यांचा विचार करायलाच हवा.

हे सारे पाहून आम्ही सावंतवाडीत भाड्याचे घर घेतले आहे, आणि मुलीची बारावी होईपर्यंत जमीन किंवा सदनिका घ्यायची नाही असे ठरवले आहे. सावंतवाडीत राहिल्यामुळे गाडीची नोंदणीही बदलावी लागणार नाही. गोव्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली असती तर पुनर्नोंदणी करून वाहन कर नव्याने भरावा लागला असता आणि जुना परत मिळवण्यासाठी परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागले असते. मतदार यादीतले नाव आठ क्रमांकाचा अर्ज भरून हलवायचे आहे आणि सासूबाईंच्या शिधापत्रिकेचे कामही बाकी आहे. एक गोष्ट अद्याप सुटलेली नाही : कंपनीत रात्रपाळी लागली तर जुलैच्या पावसात मध्यरात्रीनंतर महामार्गावरून परतणे मला मान्य नाही. तेवढ्या आठवड्यांसाठी पेडण्यात एखादी खोली घ्यावी, असे आम्ही म्हणत आहोत, आणि तिचे भाडे मी घरखर्चाच्या हिशोबात आतापासूनच धरले आहे.