तुम्ही विचारलंत म्हणून: खरे रेडिएशनवाले कोण?

गोव्यात, फोंड्याला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. दिवाळीआधी नरकासुराचे पुतळे बांधणारी पोरं तर हटकून विचारतात, "टीचर, हल्क, स्पायडरमॅन, सुपरमॅन, गॉडझिला... यांतले खरे रेडिएशनवाले कोण?" किरणांमुळे ताकद मिळालेल्या पात्रांच्या बहुतेक याद्यांत हे चौघं एकाच पंगतीला बसलेले असतात. मला ती पंगत मान्य नाही.

मी आधी बघते, गोष्टीत किरणं काम काय करतात. नुसता जन्म देतात, रोजचं बळ पुरवतात, की त्या पात्राच्या अंगातून बाहेर पडतात? मग मनातल्या मनात शेजारी गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग टिपून कडकड वाजणारं यंत्र, ठेवायचा. तो कडकडला तर पात्र माझ्या यादीत.

स्पायडरमॅन (१९६२) इथंच गळतो. चावलेला कोळी किरणोत्सर्गी होता खरा, पण नंतर अंगात आलं ते सगळं कोळ्याचं: भिंतीला चिकटणं, उड्या, धोक्याची चाहूल. कोळ्याऐवजी एखाद्या बुवाचा गंडा असता तरी कथा अडली नसती. १९६१ चे फॅन्टास्टिक फोर, कॉमिकमधली चौघांची टोळी, तसेच. त्याच वैश्विक किरणांनी एकाचे हातपाय ताणले, एकीला अदृश्य केलं, एकाला पेटवलं, एकाचा दगड केला. कारण एक आणि परिणाम चार तऱ्हेचे, मग त्या कारणाला अर्थ काय राहिला? प्रत्यक्षात हर्मन मलर या जनुकशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले तेव्हा उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत बदल, झाली, पण ती दिसली पुढच्या पिढ्यांत, आणि बहुतेक घातकच.

सुपरमॅन सूर्यप्रकाशावर पोसला जातो आणि डोळ्यांतून उष्णता सोडतो. फिजिक्सच्या हिशेबात दोन्ही रेडिएशनच. पण मग ट्यूबलाइटचा उजेडही रेडिएशन आणि घरातला मायक्रोवेव्हही सुपरहीरो! म्हणून दुसरी रेघ मी आयनीभवनाशी ओढते: अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा आहे का? अल्फा, बीटा, क्ष, गॅमा आत. उजेड आणि उष्णता बाहेर. एक्स-मेनमधल्या सायक्लॉप्सच्या डोळ्यांतले किरण तर भाजतसुद्धा नाहीत, नुसते ढकलतात. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

भांडण होतं ते हल्कवरून. जन्म गॅमा बॉम्बचा, पण ताकद दंडाची. काही कथांत त्याच्या अंगातूनच गॅमा निघतो, तेवढ्यापुरता मी त्याला उंबरठ्यावर बसवते. पोरं नरकासुराच्या डोळ्यांत हिरवे एलईडी लावून "गॅमा, टीचर!" म्हणतात. अरे, गॅमा डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या रेडियमच्या घड्याळांत हिरवं चमकायचं ते झिंक सल्फाइड, आणि अणुभट्टीच्या पाण्यात दिसते ती चेरेन्कोव्हची निळी प्रभा. हल्क स्वतः कॉमिकच्या पहिल्या अंकात करडा होता. छपाईत तो करडा रंग धड उतरेना, म्हणून पुढे हिरवा झाला.

जपानी चित्रपटातला अजस्र प्राणी गॉडझिला मात्र पैकीच्या पैकी. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि २३ खलाशी आजारी पडले. गॉडझिला पडद्यावर आला तो त्याच वर्षी. चित्रपटात त्याच्या पावलांच्या ठशांवर खरोखरच गायगर काउंटर धरतात, आणि गावातल्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहत नाही.

यावर गेल्या दिवाळीत एकजण म्हणाला, "पण टीचर, तो हीरो खंय?" म्हणजे, तो हीरो कुठे आहे? बरोबर आहे त्याचं. माझ्या चाचणीत पुरता उतरणारा कुणीही शेजाऱ्यापाजाऱ्यांना आजारी पाडणार. १९६३ चा रेडिओअॅक्टिव्ह मॅन घ्या, आला तोच कॉमिकमधल्या थॉर या हीरोचा शत्रू म्हणून. हीरोला आईला मिठी मारायची असते, मित्राबरोबर चहा प्यायचा असतो, म्हणून लेखक किरणं जन्माच्या प्रसंगात वापरून घेतात आणि पुढच्या पानावर गुपचूप बंद करतात.