दारूचा वास आला आणि जीव भांड्यात पडला

फैजपूरजवळच्या एका केळी वेफर्सच्या कारखान्यात मी सांडपाण्याचं काम बघते. कच्च्या केळीच्या चकत्या धुतल्या की दुधट, चिकट पाणी निघतं. त्यात स्टार्च भरपूर. साचून राहिलं की दोन दिवसांत नाकाला झोंबतं. याच पाण्यावर बुरशी वाढवून प्रथिनं काढायची म्हणून आम्ही 200 लिटरची टाकी लावली. बुरशी राइझोपस, इंडोनेशियात सोयाबीनचं टेंपे करतात ती. स्टार्च ती स्वतःच फोडून खाते. नत्रासाठी थोडा युरिया घातला की झालं. वाळल्यावर तिच्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं भरतात.

मे महिना. बाहेर 45 अंश, आणि बुरशीला लागतात 37 च्या आसपास. टाकीला ओली गोणपाटं गुंडाळून आम्ही ते कसंबसं साधायचो. त्या रात्री दोनला वीज गेली ती सहाला आली. हवेचा पंप चार तास बंद! आधीच्या दोन खेपा जिवाणूंनी नासवल्या होत्या, त्यामुळे सकाळी टाकीपाशी जाताना माझे पायच उचलेनात.

नाकाला रुमाल लावून झाकण काढलं. केळी सोलणाऱ्या मावशी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, दारूना वास ई ऱ्हायना!”

रुमाल काढला. खरंच, सडका नव्हे, ताडीसारखा गोडसर आंबूस वास. हवा तुटली की राइझोपस साखरेची दारू करू लागते. म्हणजे ती तग धरून होती! काचपट्टीवर थेंब घेऊन पाहिलं: जाड, फांद्या फुटलेले तंतू, आणि जिवाणूंची वळवळ जवळपास नाहीच. पाण्याचा पीएच 4 वर, म्हणजे जिवाणूंना सहसा मानवत नाही इतका आंबट ठेवला होता, तो कामी आला.

पंप पुन्हा सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी सगळं मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडक्यात भिजल्या साबुदाण्यासारखे पांढरे गोळे राहिले, खाली बरंच निवळलेलं पाणी. यीस्टच्या बारीक, सुट्या पेशी वेगळ्या करायला महागडं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र लागतं, इथे फडकं पुरतं. छोट्या कारखान्याला हे झेपेल असं मला वाटतं ते म्हणूनच. तो लगदा आम्ही वाफवला आणि गच्चीवर थापला. दुपारपर्यंत त्याचा पापड झाला.

“कोंबड्यासले देऊ का?” मावशींनी विचारलं.

तपासणीचा अहवाल येईपर्यंत कोणालाच नाही, असं मी सांगितलं. मग त्या सावलीला बसून संध्याकाळपर्यंत कावळे हाकत राहिल्या.