आमची वाटचाल : पॉवर वाढली पाहिजे आणि गाडी तपासणीत पासही झाली पाहिजे

आमचं काम सुरू झालं ते झिजलेले कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे दांडे, पुन्हा ग्राइंड करून देण्यापासून. टॅपेट (लोब आणि व्हॉल्व्हच्या मधला तुकडा) वाजणारं इंजिन उघडायचं, लोब (दांड्यावरचे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) मायक्रोमीटरने मोजायचे, खड्डे पडले असतील तर घासून मूळ मापाला आणायचे. ग्राइंडिंगमध्ये धातू फक्त कमी करता येतो, वाढवता येत नाही. त्यामुळे लोबचं टोक झिजलं असेल आणि लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) कायम ठेवायची असेल, तर बेस सर्कल (लोबचा गोल भाग) बारीक करावं लागतं. बेस सर्कल जितकं उतरेल तितकी टॅपेटवर जाड शिम (मधली फट भरणारी चकती) लागते. शिवाय कास्ट आयर्नच्या कॅमवरचा कडक थर फार खोल नसतो. तो संपायच्या आत हात आवरावा लागतो. हे काम बरीच वर्षं केलं आणि लोबचा आकार डोळ्यांत बसला.

बेस सर्कल अजून थोडं उतरवलं की लिफ्ट वाढते आणि लोबच्या बाजू रुंद ठेवल्या की ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, वाढतं. हे जसं आम्हाला कळलं तसं गिऱ्हाइकांनाही कळलं. ‘जरा हॉट कॅम करून द्या’ अशी जास्त पॉवरच्या कॅमची मागणी यायला लागली. पण धंद्याला खरं वळण दिलं ते बाहेरून कॅम बसवून आलेल्या गाड्यांनी. सगळ्यांची तक्रार एकच असायची : गाडी वरच्या आरपीएमला मस्त ओढते, पण एमिशन टेस्टमध्ये नापास होते.

तेव्हा आम्ही डायनोच्या (पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) आधी गॅस अ‍ॅनलायझर घेतला. ओळखीतल्यांनी वेड्यात काढलं. परफॉर्मन्सचं दुकान आणि डायनो नाही? पण डायनो फुल थ्रॉटलची गोष्ट सांगतो. गाडी नापास होते ती बहुतेक वेळा आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन संथ चालतं तेव्हा.

त्या काळातली एक चार सिलिंडरची गाडी नीट आठवते. मालकाने प्लग, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर असं सगळं बदलून पाहिलं होतं. कुणीतरी त्याला ‘मिक्स्चर रिच आहे’ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असं सांगितलं होतं. आम्ही इंजिन गरम केलं, प्रोब सायलेन्सरमध्ये घातला आणि मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज लावला. काटा खाली होता आणि एका जागी ठरत नव्हता. स्क्रीनवर हायड्रोकार्बन चढलेला, ऑक्सिजनही चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र जेमतेम. मिक्स्चर रिच असतं तर आधी कार्बन मोनॉक्साइड चढला असता. पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर येत असतील, तर सिलिंडर मधूनमधून पेट घेत नाही हे उघड आहे. मग रेस २५०० वर धरली. हायड्रोकार्बन झपाट्याने उतरला आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; १ म्हणजे अगदी बरोबर) १ च्या जवळ येऊन स्थिर झाला. इंजेक्टर बिघडलेले असते तर असं झालं नसतं. दोष ओव्हरलॅपचा होता.

ओव्हरलॅप म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना आणि इनटेक सुरू होताना दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तो काळ. वरच्या आरपीएमला तो उपकारक असतो, कारण बाहेर जाणाऱ्या गॅसचा जोर नव्या चार्जला आत ओढून घेतो. आयडलला मात्र थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे जळलेला गॅस उलटा आत शिरतो. नवं मिक्स्चर त्याने पातळ होतं आणि एखादी ठिणगी वाया जाते. न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपाशी पोचला की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) आहे. तो पेट्रोल वाढवतो आणि आकडे आणखी बिघडतात. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) गाड्यांत भर पडते ती कमी झालेल्या व्हॅक्यूमची : ईसीयूला तो लोड वाटतो. गंमत म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड अशा गाडीत बऱ्याचदा कमीच निघतो, कारण आत राहिलेला जळका गॅस ज्वलनाचं तापमान खाली ठेवतो.

त्या गाडीनंतर आमची निवडीची पद्धत उलटी झाली. दुकानदार लिफ्ट आणि ड्युरेशनचे आकडे दाखवून कॅम विकतात. आम्ही ओव्हरलॅपपासून सुरुवात करतो आणि त्याचं गणित गिऱ्हाइकासमोरच कागदावर मांडतो. इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची बेरीज करायची, चारने भागायची, त्यातून लोब सेपरेशन अँगल (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधला कोन) वजा करायचा आणि उरेल त्याची दुप्पट. दोन्हीकडे २७० अंश आणि सेपरेशन ११० असेल तर ओव्हरलॅप ५० अंश येतो. त्याच ड्युरेशनला सेपरेशन ११४ ठेवलं तर ४२. सेपरेशनचे चार अंश ओव्हरलॅपचे आठ खातात, कारण पहिलं माप कॅमच्या अंशांत असतं आणि दुसरं क्रँकच्या. मिडरेंजचा टॉर्क थोडा जातो, पण आयडल सुधारतं. सिंगल कॅमच्या इंजिनात हा अँगल ग्राइंडिंगमध्येच ठरतो, नंतर बदलता येत नाही. ट्विन कॅमला अ‍ॅडजस्टेबल पुली लावून तो थोडाफार हलवता येतो.

हे गणित मांडताना ड्युरेशन कोणत्या लिफ्टला मोजलंय ते आधी विचारा. एकाच कॅमचा जाहिरातीतला आकडा आणि ०.०५० इंचाला, म्हणजे १.२७ मिलिमीटरला मोजलेला आकडा यांत मोठा फरक असतो. दोन कॅमचं १.२७ ला ड्युरेशन सारखं असलं तरी ज्याचा रॅम्प (लोबची चढण) चढा आहे त्याचा सीटपासूनचा (व्हॉल्व्ह जागेवरून उचलल्या क्षणापासून मोजलेला) ओव्हरलॅप कमी असतो. तपासणीच्या गाडीसाठी आमची पसंती अशाच लोबला. मात्र चढ्या रॅम्पला चांगली स्प्रिंग लागते आणि टॅपेट किंचित वाजतात, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

आमचा क्रम असा बसला : आधी लिफ्ट वाढवायची, मग ड्युरेशन, आणि ओव्हरलॅपला शक्यतो मूळ कॅमच्या आसपासच ठेवायचं. लिफ्टला तपासणीचं फारसं भय नसतं. तिला आडवं येतं ते मेकॅनिकल काम. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडतात का, रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) व्हॉल्व्ह सीलवर आदळतो का, आणि व्हॉल्व्ह पिस्टनपासून किती लांब राहतो. पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून, इंजिन हाताने फिरवून, क्ले कापून आम्ही जाडी मोजतो. इनटेकला साधारण २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ च्या खाली आम्ही जात नाही. मग डिग्री व्हील आणि डायल गेज लावून टायमिंग पाहतो. पुलीच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम बरोबर बसला, यावर आमच्या शॉपमध्ये कुणी विश्वास ठेवत नाही.

कॅम बसला की ईसीयूचं मॅपिंग. आयडल थोडं वर घ्यायचं, तिथलं इग्निशन आणि फ्युएल नव्याने जुळवायचं. बऱ्याच देशांत हाय आयडलला (वाढवून धरलेल्या रेसला) लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्ही वायूंवर नीट काम करतो तोही १ च्या आसपासच. तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून गाडी तपासणीला नेताना वाटेत नीट तापवूनच न्यावी. कन्व्हर्टर काढून टाकलेल्या गाडीला आम्ही कॅम बसवत नाही. ‘परत लावतो नंतर’ हे वाक्य फार ऐकलंय.

कन्व्हर्टरला आणि सेन्सरला मारणाऱ्या आणखी दोन गोष्टी आमच्या बाकावर असतात. फ्लॅट टॅपेटच्या नव्या कॅमला सुरुवातीला जादा झिंकचं ऑइल लागतं. त्यातला फॉस्फरस जळून कन्व्हर्टरवर बसतो, म्हणून रनिंग-इन झालं की ते ऑइल काढून टाकायचं. दुसरा तो सिलिकॉन सीलंट. ‘सेन्सर सेफ’ नसलेला फासला तर ऑक्सिजन सेन्सर निकामी होतो.

ओबीडीच्या (स्वतःचे बिघाड स्वतःच नोंदवणाऱ्या) गाड्यांनी काम अवघड केलं. इथे नुसता धूर स्वच्छ असून भागत नाही. क्रँकचा वेग एका फायरिंगपासून दुसऱ्यापर्यंत किती हलतो यावरून ईसीयू मिसफायर (सिलिंडरने पेट न घेणं) ओळखतो. मोठ्या कॅमचं अडखळणारं आयडल त्याला मिसफायरच वाटतं आणि पी०३०० (मिसफायरचा कोड) पडतो. कोड पुसून किंवा बॅटरी काढून थेट तपासणीला गेलात, तर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्यांच्या नोंदी) अपूर्ण दिसतात आणि गाडी परत पाठवली जाते. मॅपिंगमध्ये मिसफायर मॉनिटर बंद करून द्या, असं विचारणारे येतात. आम्ही ते करत नाही.

व्हीव्हीटीची (चालू असताना व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी) इंजिनं मात्र या कामात आमची लाडकी. फेझर (कॅम पुढे-मागे फिरवणारा भाग) आयडलला ओव्हरलॅप आवळून ठेवतो आणि वर लागेल तेव्हा उघडतो, त्यामुळे जरा धीट लोब चालतो. फक्त फेझर पूर्ण टोकाला गेला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही, हे क्लेने दोन्ही टोकांना तपासावं लागतं.

गिऱ्हाइकाला आम्ही एक गोष्ट तोंडीही सांगतो आणि बिलावरही छापतो : तपासणीत पास होणं आणि पार्ट कायदेशीर असणं या वेगळ्या बाबी आहेत. कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाचा (हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, नसलेला आफ्टरमार्केट कॅम रस्त्यावरच्या गाडीत सहसा चालत नाही, सायलेन्सरमधून कितीही स्वच्छ हवा येवो. तुमच्याकडचा नियम काय आहे, ते कॅम ऑर्डर करायच्या आधी बघा.

आता प्रत्येक कॅमबरोबर आम्ही कॅम कार्ड देतो. त्यावर सीटपासूनचं आणि १.२७ ला मोजलेलं ड्युरेशन, सेपरेशन, ओव्हरलॅप आणि क्लेचं माप असतं. सोबत अ‍ॅनलायझरच्या दोन स्लिप, काम करण्याआधीची आणि नंतरची. आधीची स्लिप खराब आली तर कॅमला हातच लावत नाही. आधी गाडीचं मूळ दुखणं काढतो. आयडलची धडधड एवढीच हवी असणारे अजून येतात. त्यांना आम्ही सरळ सांगतो की तो माल आमच्याकडे नाही.