सफाळ्याची डाऊन बाजू

विरारच्या पुढच्या सफाळ्याहून रोज गाडीने जाते म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "मुंबईत ऑफिस कुठे?" मी मुंबईला जातच नाही. मी बोईसरला जाते, म्हणजे उलट्या दिशेने, डाऊनला. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर एवढाच माझा पट्टा. विरारच्या पलीकडे माझं काम सणावारी निघालं तर निघतं.

लोकलवर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक दादरच्या पुलाबद्दल, नाहीतर विरार फास्टच्या दारात लटकण्याबद्दल. गर्दी आमच्याकडेही आहे. सकाळच्या अप, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या, गाडीत सफाळ्याला चढून बघा. पण लहान स्टेशनाचं खरं दुखणं गर्दी नाही, दोन गाड्यांमधला खंड आहे. अंधेरीला गाडी सुटली तर माणूस मोबाइल बघत उभा राहतो, मागची येतेच. आमची दुपारची सुटली की तासभर गेला, कधी त्याहून जास्त. तेवढ्या वेळात बँकेचं काम राहतं, दवाखान्यातले डॉक्टर जेवायला जातात, पाळणाघरातून फोन येतो. म्हणून आमच्याकडे भेटीची वेळ ठरवताना कुणी "तीनला ये" म्हणत नाही. "दुपारच्या मेमूने ये" म्हणतात. मेमू म्हणजे विजेवरची पॅसेंजर गाडी.

मग रस्त्याने का जात नाही? त्यासाठी नकाशा बघावा लागेल. विरार आणि सफाळ्याच्या मध्ये वैतरणेची खाडी आडवी आहे. रेल्वेने हे अंतर १७ किलोमीटर. रस्त्याने जायचं तर आधी वरई फाट्यापर्यंत जाऊन हायवे धरायचा आणि खाडीला मोठा वळसा घालून परत पश्चिमेला यायचं. अलीकडे जलसार आणि विरारच्या मारंबळपाड्यादरम्यान रो-रो बोट सुरू झाली. गाडी-मोटारसायकलवाल्यांची त्याने मोठी सोय झाली, मीही आनंदाने तिच्यातून गेले आहे. पण पासावर रोज कामाला जाणाऱ्या बाईला ती परवडणार नाही आणि पुरणारही नाही. आमचा रस्ता म्हणजे रूळच.

हे रूळ जुने आहेत. सुरतेकडून ग्रँट रोडपर्यंतची लाइन १८६४ मध्ये पूर्ण झाली, तेव्हापासून आमच्या दारावरून गाड्या धावतायत. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलमध्ये सुटली. आणि विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल आली ती १६ एप्रिल २०१३ ला. मध्ये १४६ वर्षं गेली! यातल्या शेवटच्या काही दशकांना एक तांत्रिक कारण होतं. विरारपर्यंतच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी वीज होती आणि विरारपासून पुढे २५ हजार व्होल्ट एसी. डीसीवर चालणारी लोकल विरारला येऊन थांबायची, पुढच्या तारेवर तिला चालताच येत नव्हतं. २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार पट्टा एसीवर आला आणि पुढच्या वर्षी लोकल आमच्याकडे पोचली. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं लोकल का नाही, याचं उत्तर घरात "आपण गावाकडचे ना" एवढंच मिळायचं.

त्याआधी शटल होती आणि पॅसेंजर गाड्या होत्या. त्या डब्यांच्या पायऱ्या फलाटापासून इतक्या वर असायच्या की आजीला दोघांनी हाताला धरून वर घ्यावं लागायचं, आणि आधी तिची पिशवी आत फेकायची. दिवसभरात गाड्या मोजक्याच. माझी ताई पालघरच्या दांडेकर कॉलेजात होती. दहावीला तिला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. तिने आर्ट्स घेतलं, कारण सायन्सची प्रॅक्टिकल संपल्यावर अंधाराच्या आत घरी पोचवणारी गाडी नव्हती. घरात भांडण झालं नाही, कुणी तिला अडवलं नाही. बाबांनी वेळापत्रक समोर ठेवलं, तिने ते पाहिलं, आणि विषय संपला. माझ्या वेळेला लोकल आली होती. मी त्याच कॉलेजात केमिस्ट्री घेतली. आम्हा दोघींच्या हुशारीत फरक असेल तर तो तिच्या बाजूने आहे. बाकी फरक गाड्यांचा. म्हणून कुणी "एवढ्याशा स्टेशनाला आणखी गाडी कशाला, तिकिटं किती खपतात?" असं म्हणालं की मला राग येतो. जी गाडी नाही तिची तिकिटं कशी खपणार? आणि ती नसल्यामुळे कोण कुठे गेलंच नाही, त्याची नोंद कुठल्या खिडकीवर होते?

गाड्या कमी म्हणून स्टेशनाभोवती एक शहाणी व्यवस्था उभी राहिली आहे. सफाळ्याला एसटीचा आगार आहे. एडवण, दातिवरे, उसरणीच्या बाजूच्या गाड्या लोकलच्या अंदाजाने लागतात. लोकल लेट असेल आणि पुलावरून माणसं धावत येताना दिसली तर बरेचसे कंडक्टर घंटी मारायला घाई करत नाहीत. आमच्या डब्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर शुभेच्छांचे फोटो टाकायला बंदी आहे, फक्त गाडीची खबर. "वैतरणा सुटली", "केळव्याला उभी आहे, मागून राजधानी". रात्री उशिरा एकटीच उतरणारी कुणी असेल तर ती तेही आधी टाकते, मग गावाकडचा एखादा रिक्षावाला दादा थांबतो. भाडं नेहमीचंच घेतो.

आणि बाजार. सफाळ्याचा बाजार स्टेशनाच्या पायरीपासूनच सुरू होतो. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला आदिवासी मावश्या शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. जांभळट कोंबांच्या जुड्या, झाडाच्या सालीने बांधलेल्या, आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं. काकडं म्हणजे हिरवी, गोल, आवळ्यासारखी आंबट फळं. त्यांच्याशिवाय शेवळं घेऊ नयेत, घसा खाजतो. एका मावशीकडून मी नेहमी घेते. ती जुडी हातात देताना एक कोंब सोलून दाखवतेच: वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग मोडून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. मला येतं हे तिला माहीत आहे, तरी दाखवते, कारण शेजारी उभी असलेली मुंबईची बाई ऐकत असते आणि मग तीही दोन जुड्या घेते. एप्रिल-मेमध्ये त्याच पायरीवर ताडगोळे असतात. सकाळच्या अप गाडीच्या मालडब्यात कोळणींच्या पाट्या, भाजीचे भारे, केळीच्या पानांच्या गुंडाळ्या चढतात. मुंबईच्या ताटात जे जातं त्यातलं बरंच काही अशा लहान फलाटांवरून उचललं गेलेलं असतं. गाडी इथे थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात एक बाई आत चढते, दुसरी खालून पाटी देते, तिसरी दार धरून उभी राहते.

आता वैतरणा. हे स्टेशन मला सगळ्यात जास्त छळतं. वैतरणा आणि सफाळ्याच्या मध्ये खाडीवर रेल्वेचे दोन पूल आहेत, ९२ आणि ९३ नंबरचे, आणि त्या दोहोंच्या मध्ये बेटावर वाढीव नावाचं गाव. तिथली माणसं वर्षानुवर्षं स्टेशन गाठायला याच रेल्वे पुलांच्या कडेने चालत आली आहेत. माझ्याबरोबर काम करणारी एक जण वाढीवची. ती सांगते, पावसाळ्यात छत्री उघडायचीच नाही, वाऱ्याने माणूस ओढला जातो. रेनकोटची टोपीही घालायची नाही, मागची गाडी ऐकू येत नाही. भिजून यायचं आणि बोईसरला पोचल्यावर कपडे बदलायचे, म्हणून तिच्या पिशवीत कोरडा जोड कायम असतो. लहानपणी दप्तर घेऊन ती याच वाटेने शाळेत गेली.

तुम्ही कधी डहाणू लोकलने किंवा गुजरातच्या गाडीने या पुलांवरून जात असाल तर माझं एक कळकळीचं सांगणं आहे. खिडकीतून निर्माल्याची पिशवी, नारळ, बाटली काहीही खाली टाकू नका. तुम्हाला खाली फक्त खाडी दिसते, पण पुलाच्या कडेला माणूस चालत असतो. धावत्या गाडीतून फेकलेला नारळ दगडासारखा लागतो. मी डब्यात बायकांना हात धरून थांबवलं आहे. एकीला वाईट वाटलं, "ताई, देवाचं आहे हो" म्हणाली. मी तिला कडेने चाललेली माणसं दाखवली. तिने पिशवी परत आत ठेवली आणि सफाळ्याला उतरून तिथल्या निंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली.

केळवे रोड रविवारचं स्टेशन आहे. समुद्र तिथून सात-आठ किलोमीटर, हे उतरल्यावर कळून वैतागणारे पाहुणे दर रविवारी दिसतात. शेअर रिक्षा मिळतात, काळजी नको. पण परतीच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्या बघून ठेवा आणि तिकीट जातानाच काढा. शीतलादेवीचं दर्शन, सुरूच्या बनातलं जेवण यात वेळ कसा जातो कळत नाही. आमच्या सोमवार ते शनिवारच्या केळवे रोडला मात्र शाळेची मुलं आणि पानमळ्यात कामाला जाणारी माणसं असतात. उमरोळी त्याहून शांत. तिथे उतरणारे बोटावर मोजण्याइतके, पण ते उतरतात तेव्हा डब्यातले सगळे त्यांना ओळखून वाट देतात.

विरार ते डहाणू रोड ६४ किलोमीटरवर तिसरी-चौथी लाइन टाकायचं काम चालू आहे, एमयूटीपी-३ या मुंबईच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पातलं. आज राजधानी, शताब्दी, वंदे भारत, मेल गाड्या आणि आमची लोकल, सगळ्यांची ये-जा दोनच रुळांवर. मोठी गाडी मागून आली की लोकल बाजूला उभी राहते. नवे रूळ आले की जागा होईल. ती जागा कुणाला मिळणार, हे मात्र आत्ताच बोलायला हवं. नाहीतर पालघर-बोईसरला थांबणाऱ्या फास्ट गाड्या वाढतील आणि वैतरणा, केळवे रोड, उमरोळी, वाणगाव तशीच राहतील.

आम्ही काही जणींनी एक निवेदन लिहिलं आहे. मागण्या दोन: दुपारच्या मोठ्या खंडात दोन्ही दिशांना एक-एक जादा गाडी, आणि ती प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. सफाळ्याच्या सह्या बऱ्याच झाल्या आहेत. वैतरणा आणि उमरोळीच्या कमी पडतायत. त्या बाजूचं कुणी हे वाचत असेल तर सकाळी आठच्या सुमाराला सफाळ्याच्या डाऊन फलाटावर महिला डब्याच्या जागेपाशी या, कागद माझ्याकडेच असतो.