फरक शून्य

एका दुकानाचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. महिन्यात कामाचे सव्वीस दिवस, आणि सव्वीसही दिवशी तिच्या शेवटच्या रकान्यात ‘फरक ०’. मालक ते पान कौतुकाने दाखवत होते. माझ्या मनात मात्र तिथेच पाल चुकचुकली. सुट्ट्या पैशांची देवघेव करणारा माणूस महिन्यात एकदाही दहा-वीसची चूक करत नाही, असा गल्ला मी अजून पाहिलेला नाही.

त्यांची तक्रार वेगळीच होती. वहीत विक्री चांगली दिसते, मग पैसा कुठे जातो? शंका गल्ल्यावरच्या मुलावर होती, फक्त ती अजून मोठ्याने बोलून दाखवली नव्हती.

मी काही न विचारता संध्याकाळच्या मोजणीला थांबलो. मुलाने रोकड मोजली, त्यातून सकाळची सुट्ट्यांची ५,००० शिल्लक वजा केली आणि उरलेला आकडा ‘रोख विक्री’ म्हणून लिहिला. मग शिल्लक अधिक विक्री अशी बेरीज मारून ती मोजलेल्या रोकडीशी ताडून पाहिली. जुळली. न जुळून सांगते कुणाला! ज्या आकड्याला तपासायचं, त्याच्यातूनच तपासणीचा आकडा काढला होता.

मुलगा लबाड नव्हता. ‘रोज जुळलं पाहिजे’ एवढंच त्याला सांगितलं होतं आणि तो ते इमानाने जुळवत होता. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या हिशेबपद्धतीत तीन वह्या आहेत आणि त्यातली पहिली कच्ची वही आहे: व्यवहार घडला की लगेच, घडला तसा लिहायचा. पैसे मोजून मग व्यवहार ठरवायचा, हे त्यात कुठेही नाही. पण नवं संगणकी बिलिंग विकणारे लोकसुद्धा दुकानदाराला हे सांगत नाहीत, रंगीत आलेख दाखवतात.

इथे वाचवलं ते बिलबुकांच्या कार्बन प्रतींनी. विक्रीचा खरा आकडा बिलांतून येतो, मग ती रोखीची असोत, कार्डाची असोत की उधारीची. बेरजेआधी मी क्रमांक तपासले. सलग क्रमांकात तीन बिलं नव्हती, मूळ प्रतही नाही आणि कार्बनही नाही. बिल चुकलं तर दोन्ही प्रतींवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ आणि कारण लिहायचं, आणि दोन्ही प्रती जागच्या जागी ठेवायच्या. फाडून टाकलेलं बिल आणि लपवलेलं बिल यात नंतर काही फरक करता येत नाही.

बिलांची बेरीज ३,९१,५२० आली. रोजमेळातली विक्री ४,१६,६५०. दोन्ही आकडे करासकट घेतले होते. एक करासकट आणि दुसरा कर वगळून घेतला की नसलेला फरक शोधण्यात दिवस जातो. म्हणजे वहीत विक्री २५,१३० ने जास्त. चोरीची शंका घेऊन बसलेल्या माणसाला विक्री जास्त लिहिली आहे हे पटवणं सोपं नसतं.

सगळ्यात मोठा तुकडा उधारीच्या वसुलीचा, २४,३०० चा. माल उधार दिला त्या दिवशी बिलावरून विक्री लिहिली गेली होती, ते बरोबरच होतं. महिन्याच्या आत त्याचे पैसे गल्ल्यात आले आणि उलट्या पद्धतीने पुन्हा ‘रोख विक्री’त बसले. एकच माल वहीत दोनदा विकला गेला. वसुली ही विक्री नव्हे. रोकड वाढते आणि त्या गिऱ्हाइकाची बाकी तेवढीच कमी होते. मालक कराचा हिशेबही याच वहीवरून करणार होते, म्हणजे एका विक्रीवर दोनदा कर.

दुसरा तुकडा ६,५०० चा, ऑर्डरींसाठी घेतलेल्या आगाऊ रकमांचा. माल द्यायचा बाकी आहे तोवर ती रक्कम आपल्यावरचं देणं असते. माल दिला, बिल केलं, की मग विक्री.

उलट दिशेनेही दोन चुका होत्या. वाहतूक, साफसफाई, पॅकिंगचं सामान असे ४,२२० गल्ल्यातून परस्पर दिलेले. चिठ्ठ्या तारेत टोचलेल्या सापडल्या, पण रोजमेळात त्यांचा पत्ता नाही, कारण उरलेली रोकड म्हणजे विक्री असं धरलं की खर्च आपोआप विक्रीतून कापला जातो. तसंच कार्डाचं. ९०,००० ची बिलं, खात्यात जमा ८८,६५०, आणि जमा झाली तेवढीच विक्री लिहिलेली. मधले १,३५० कार्डसेवेचं शुल्क. विक्री पूर्ण ९०,००० ची लिहायची आणि शुल्क खर्चात दाखवायचं. कार्डाचे पैसे एक-दोन दिवसांनी जमा होतात, त्यामुळे महिनाअखेरीची बिलं पुढच्या महिन्यात घसरतात. इथे दोन्ही टोकांना तसं काही अडकलेलं नव्हतं, एवढं नशीब.

मग ५४० ची गंमत. एका गिऱ्हाइकाच्या नावावर ५४० बाकी दिसत होती, दोनदा आठवण करून दिली होती आणि ते ‘सगळं दिलं’ म्हणून चिडले होते. फरक दिसला की मी आधी ९ ने भागून बघतो. ५४० भागिले ९, उत्तर ६०. निःशेष भाग गेला म्हणजे बहुधा दोन अंकांची अदलाबदल. ६ हा त्या अंकांमधला फरक, आणि पुढचं एक शून्य सांगतं की घोळ दशक-शतकात आहे. बिल २,१७० चं, वहीत २,७१०. दोन मिनिटांत सापडलं. (शून्य गळलं तरीही फरकाला ९ ने भाग जातो: ९०० चे ९० झाले तर फरक ८१०. भाग गेला म्हणून अदलाबदलच, असं धरून बसू नये.)

आता बेरीज: २४,३०० अधिक ६,५०० अधिक ५४०, वजा ४,२२०, वजा १,३५०. झाले २५,७७०. फरक तर २५,१३० चाच. राहिले ६४०, आणि तेही तुटीच्या बाजूला: वहीतली वाढ एवढ्याने कमी भरली, म्हणजे गल्ल्यात रोकडच तेवढी कमी होती.

या ६४० ने माझा पुढचा अर्धा दिवस खाल्ला. ९ ने भाग जात नाही. निम्मे केले, ३२०. रक्कम चुकीच्या बाजूला, जमेऐवजी खर्चात, लिहिली गेली की फरक दुप्पट होतो, म्हणून ३२० ची नोंद शोधली. एकही नाही. मालकांना विचारलं, “तुम्ही गल्ल्यातून कधी काही उचलता का?”

“कधीतरी. माझेच तर पैसे आहेत.”

“चिठ्ठी?”

ते हसले.

त्यांची उचल असेल, सुट्ट्या देताना गेले असतील, मुलाने घेतले असतील. शिवाय ती तीन बिलं. ती नुसतीच बिघडलेली असतील तर तूट ६४० ची. पण त्यांचे पैसे गल्ल्यात आले असतील तर खरी तूट तेवढ्याने जास्त, म्हणजे ६४० हाही खात्रीचा आकडा नाही. रोजचा खरा फरक लिहिलेला असता तर निदान तारीख कळली असती. मालकांना हवं होतं एक नाव. ते मी दिलं नाही, आणि मुलाला निर्दोषही म्हणता आलं नाही. हे दुसरं मला अजून टोचतं. ज्या पद्धतीने त्याच्यावर संशय आला, तिनेच त्याचा पुरावाही पुसून टाकला होता.

नवा तक्ता एका पानाचा केला. आधी नोटा-नाणी प्रकारवार मोजून सही, बिलांची बेरीज त्यानंतरच काढायची. मग सुरुवातीची शिल्लक, अधिक रोख बिलं, वसुली, आगाऊ रकमा. वजा खर्च, परत दिलेले पैसे, मालकांची उचल, बँकेत भरणा. येईल तो आकडा आणि मोजलेली रोकड यांतला फरक ‘रोकड तूट-वाढ’ या वेगळ्या खात्यात. मालकांच्या उचलीचा रकाना त्यांना आवडला नाही, पण ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलगा तक्ता घेऊन आला. फरकाच्या चौकटीत पेन्सिलीने ‘–१५’ लिहिलं होतं, अगदी पुसट.

“सर, पुन्हा मोजलं. येतच नाहीये. काय करू?”

मी त्याला माझं पेन दिलं.